कल्पित साम्राज्याची सरदारकी रचताना: सुरुवात खळ्यावरून

अद्भुत कथा लिहायला बसलेल्या नव्या माणसाच्या वहीत पहिल्याच पानावर बहुधा एक उतरंड असते. वर सम्राट, त्याखाली महासरदार, मग सरदार, मग योद्धे आणि अगदी तळाला एका ओळीत ‘प्रजा’. माझ्याही वहीत तीच होती. सांजवण नावाचं साम्राज्य मी रचत होतो. सात घराणी, सात झेंडे, प्रत्येकाचं ब्रीदवाक्य. दोन वर्षं त्यावर खपलो, पण कथा जागची हलेना. उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेल्या मावसबहिणीनं ती वही चाळली आणि अहिराणीत एवढंच विचारलं, “दादा, या सरदारना घोडा काय खास?” म्हणजे, या सरदाराचा घोडा खातो काय?

तिच्या घरी बैलजोडी आहे. वैरण, ढेप, सरकी यांचे भाव तिला तोंडपाठ. तिच्या दृष्टीनं तो साधा प्रश्न होता, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. ते शोधताना जे हाती लागलं, ते नव्यानं वही उघडणाऱ्यांसाठी इथे पायरीपायरीनं मांडतो आहे. उदाहरणं खानदेशातली आहेत. मी इथला आहे हे एक कारण. दुसरं म्हणजे तापीच्या या खोऱ्यानं यादवांचे मांडलिक, फारुकी सुलतान, मुघल मनसबदार, मराठा जहागीरदार, सातपुड्यातले भिल्ल राजे, सगळे पाहिले आहेत. साम्राज्य रचणाऱ्याला शिकण्यासारखं इथल्या मातीत पुष्कळ आहे.

पहिली पायरी: खळं मांडा

सिंहासनाचा विचार आत्ता बाजूला ठेवा. तुमच्या साम्राज्यातलं एक साधं गाव घ्या, त्याला नाव द्या आणि सुगीनंतरचं त्याचं खळं डोळ्यांसमोर आणा. ज्वारीची रास पडली आहे. आता त्या राशीतून कोण किती उचलतं ते लिहा. तुमची सगळी सरदारकी या एका हिशेबातून उगवणार आहे, म्हणून इथे घाई करू नका.

सांजवणसाठी मी केलेला हिशेब देतो. गावाची रास १०० खंडी. एक खंडी म्हणजे २० मण, एक मण म्हणजे ४० शेर. त्यातून आधी बलुत्याचे १० खंडी निघाले: सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार आणि बाकीच्यांचे. उरले ९०. राज्याचा वाटा एक तृतीयांश धरला, म्हणजे ३० खंडी. त्यातले २ गावच्या पाटलाचे, ३ परगण्याच्या देशमुखाचे, ५ थेट राजधानीच्या कोठारात. राहिले २०. हे २० खंडी त्या गावावर नेमलेल्या सरदाराचे.

आता घोडा. दिवसाला ४ शेर दाणा धरला तर वर्षाला १४६० शेर, म्हणजे जवळजवळ २ खंडी. स्वाराच्या घरात पाच माणसं धरली तर त्यांना सव्वा खंडीच्या आसपास धान्य लागतं. खोगीर, नाल, कापड, हत्यार, आजारपण हे सगळं धरून एक स्वार वर्षाला ४ खंडींना पडतो. म्हणजे एका गावावर पाच स्वार. माझ्या वहीत एका सरदाराकडे दहा हजार घोडदळ होतं. त्याला दोन हजार गावं लागली असती, आणि मी त्याच्या वाट्याला नकाशावर एक किल्ला आणि एक जंगल दिलं होतं.

तुमचे आकडे वेगळे येतील. तुमच्या जगात भात पिकत असेल, मेंढ्या असतील, खाणी असतील. पण हिशेब करा. कागदावर एकदा केला की सरदार किती मोठा, त्याला कोणत्या नदीचं खोरं हवं, तो कोणाच्या जमिनीवर डोळा ठेवून आहे, हे आपोआप दिसायला लागतं.

वाटा फक्त धान्याचाच असतो असं नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यानं त्याला दान दिलं. त्या दानात जमिनीसोबत बारीकसारीक उत्पन्नंही येतात, अगदी घाण्यामागे पळीभर तेलसुद्धा. हा तपशील मला फार आवडतो. गणिताच्या मठातला दिवा कोणत्या तेलावर जळायचा, हे आठशे वर्षांनंतरही दगडावर वाचता येतं. तुमच्या साम्राज्यातल्या जादूच्या विद्यापीठाचा दिवा कोणाच्या तेलावर जळतो, तेही असंच ठरवा.

दुसरी पायरी: वतन की नेमणूक

वीस खंडी खाणारा तुमचा सरदार ते कोणत्या हक्कानं खातो? इथे दोन वेगळ्या जातीची सरदारकी असते आणि नवा लेखक ती एकत्र कालवतो.

पहिली वतनाची. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांचा हक्क पिढीजात. तो बापाकडून मुलाकडे जातो, भावांत वाटला जातो, गहाण पडतो, विकतही घेता येतो. राजा बदलला तरी वतनदार सहसा जागेवरच राहतो, कारण कोणत्या शेताची हद्द कुठे आणि कोणाच्या विहिरीला पाणी किती, हे त्यालाच माहीत. नव्या राजाला वसूल हवा असेल तर त्याला या माणसाकडेच यावं लागतं.

दुसरी नेमणुकीची. अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि खानदेश मुघल सुभा झाला. मुघलांच्या मनसबदारीत प्रत्येक अधिकाऱ्याला दोन आकडे असत. ‘जात’ म्हणजे त्याचा स्वतःचा दर्जा आणि पगार, ‘सवार’ म्हणजे त्यानं पदरी ठेवायची घोडेस्वारांची संख्या. पगाराच्या बदल्यात मिळालेली जहागीर काही वर्षांनी बदलायची. मनसब मुलाला आपोआप मिळत नसे आणि माणूस मेला की सरकारी येणं म्हणून त्याची मालमत्ता जप्त होई. असा सरदार कितीही श्रीमंत असला तरी त्याची मुळं जमिनीत नसतात. दोन-चार वर्षांत हे परगणे सुटणार हे माहीत असल्यावर तो तिथे विहीर कशाला बांधेल? हाताला लागेल ते ओरबाडेल आणि पुढे जाईल.

या दोघांना एकाच गावात उभं करा: आठ पिढ्यांचा देशमुख आणि परवा दरबारातून आलेला जहागीरदार. एकाकडे माहिती आहे, दुसऱ्याकडे फौज. माझ्या मते साम्राज्याच्या कथेचं खरं इंजिन इथेच आहे. सांजवणमधली सात घराणी मी मोडून दोनच गट केले, ‘मुळकर’ आणि ‘फिरस्ते’, आणि पहिल्यांदा पात्रं एकमेकांशी बोलायला लागली.

याहून गुंता हवा असेल तर एकाच गावावर दोन राज्यांचा अंमल ठेवा. १७१९ मध्ये मुघल बादशहाकडून मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. त्या सहांत खानदेशही होता. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. एकाच राशीवर दोन मालक. याला आपल्याकडे दोअमली म्हणत. शेतकऱ्याच्या अंगणात सकाळी एक कारकून आणि दुपारी दुसरा उभा असेल, तर युद्धाचं वर्णन करायला तुम्हाला रणांगणावर जावंच लागणार नाही.

तिसरी पायरी: डोंगर कोणाचे?

सपाटीवर बादशहाचा हुकूम चालतो, डोंगरात पायवाट माहीत असणाऱ्याचा. खानदेशच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे आणि चांदवडचे डोंगर, मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. या डोंगरांतल्या भिल्ल नाईकांना कोणत्याही सत्तेनं पूर्ण जिंकलं असं म्हणता येणार नाही. सत्ता बहुतेक वेळा त्यांच्याशी करार करी: तुम्ही घाट राखा, वाटसरूंना जाऊ द्या, बदल्यात अमुक रक्कम घ्या. खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटातला रस्ता राखायला नेमलेले होते. १८५७ मध्ये तेच इंग्रजांविरुद्ध उठले. राखणदार आणि बंडखोर यांच्यातलं अंतर किती कमी असतं हे कळायला त्यांचं आयुष्य वाचावं.

डांगचं उदाहरण तर कोणत्याही कल्पनेहून सरस आहे. ब्रिटिश काळात बरीच वर्षं डांगचा कारभार खानदेशच्या कलेक्टरकडे होता. तिथल्या भिल्ल राजांच्या जंगलाच्या बदल्यात त्यांना सालिना देण्याचं ठरलं. आजही होळीच्या आधी आहवा इथे डांग दरबार भरतो आणि पाच राजांच्या वारसांना सरकारतर्फे तो सालिना समारंभानं दिला जातो. नंदुरबार जिल्ह्यात काठी संस्थानची राजवाडी होळीही अजून पेटते. राज्य गेलं, मान राहिला.

म्हणून तुमच्या नकाशावर डोंगर काढलात की लगेच तिथे ‘रानटी टोळ्या’ लिहू नका. त्यांचा राजा कोण, त्याचं साम्राज्याशी ठरलंय काय आणि तो शब्द आधी कोणी मोडला, हे लिहा. ‘रानटी’ हा शब्द सपाटीवरचा कारकून वापरतो. डोंगरातल्या माणसाकडे त्या कारकुनासाठी स्वतःचा शब्द असतो, तोही शोधा.

चौथी पायरी: जास्तीचे राजपुत्र

ही पायरी छोटी आहे, पण विसरू नका. राजाला पाच मुलगे, गादी एक. उरलेल्या चौघांचं काय?

फारुकी घराण्यानं १३८२ पासून १६०१ पर्यंत खानदेशावर राज्य केलं. सुरुवातीला थाळनेर, मग बऱ्हाणपूर, आणि पाठीशी कायम असीरगड. गादीवर नसलेल्या राजपुत्रांना कुटुंबकबिल्यासह असीरगडावर ठेवण्याची त्यांची प्रथा होती. खायला-प्यायला सगळं, फक्त दरवाजा बंद. राजा गेला की त्यांतला एक खाली उतरायचा आणि सुलतान व्हायचा. आयुष्यभर तटबंदीच्या आत राहिलेला माणूस एके दिवशी लाखो लोकांचा मालक होतो, त्याला बाजार माहीत नाही, पूर माहीत नाही. अशा सुलतानाला पहिल्या दिवशी भेटायला कोण जातं आणि काय सांगतं, यावर एक अख्खी कादंबरी उभी राहील.

मुलगा नसेल तर दत्तक. दत्तक कोणी मान्य करायचा हाही सत्तेचाच प्रश्न. पारोळ्याची जहागीर ज्या नेवाळकर घराण्याकडे होती, त्याच घराण्याकडे झाशी होती आणि झाशीचं दत्तकपत्र इंग्रजांनी नाकारलं. पुढचं सर्वांना ठाऊक आहे.

पाचवी पायरी: आता नावं, आणि हाक

इतकं झाल्यावरच पदव्यांकडे या. पदवी कामातून आलेली असली की वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही. देशमुख म्हणजे देशाचं मुख. सरनोबत, चिटणीस, पोतनीस, किल्लेदार, प्रत्येक नावात काम दडलेलं आहे. सांजवणमध्ये मी घाट राखणाऱ्याला ‘खिंडकर’ केलं, नदीचा उतार सांभाळणाऱ्याला ‘उतारनाईक’, आणि कोठाराच्या किल्ल्या ज्याच्याकडे त्याला ‘कणगेराव’. ‘महातेजस्वी वज्रसम्राट’ वगैरे जे काही होतं ते खोडलं.

पदव्यांच्या भाषेतही थर ठेवा. आपल्या दरबारी मराठीत फारसी शब्द होते, कारण आधीची सत्ता ती भाषा बोलत होती. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि पेशव्याला पंतप्रधान म्हटलं, ती नुसती भाषांतराची हौस नव्हती, राज्य कोणाचं हे सांगण्याची ती रीत होती. तरीही लोक पेशवाच म्हणत राहिले. अकबरानं शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचं दानदेश केलं होतं, तेही टिकलं नाही. तुमच्या सम्राटानं एखादं नाव बदललं असेल तर गावातली म्हातारी माणसं जुनंच नाव घेतात हे दाखवा. एका वाक्यात शंभर वर्षांचा इतिहास येतो.

आणि दरबारी पदवीइतकीच महत्त्वाची असते घरगुती हाक. आमच्याकडे मोठ्या माणसाला आबा, बापू, नाना, अण्णा, जिभाऊ म्हणतात. गावात एखाद्याला सगळे जिभाऊ म्हणायला लागले की त्याचं वजन सरकारी शिक्क्यापेक्षा जास्त भरतं. तुमच्या सरदाराला त्याचा सालदार, म्हणजे सालाच्या करारावर ठेवलेला गडी, काय म्हणतो? त्याची मोलकरीण त्याच्या माघारी काय म्हणते? त्याच्या लहानपणीच्या मित्रानं भर दरबारात त्याला एकेरी हाक मारली तर? संवाद लिहिताना या एका गोष्टीवर फार काही अवलंबून असतं.

सहावी पायरी: मान

ज्यांना धान्याचा वाटा पुरेसा आहे, ती माणसं मानासाठी भांडतात, आणि ती भांडणं धान्याच्या भांडणापेक्षा जास्त चिवट असतात. पोळ्याला कोणाचा बैल तोरणाखालून आधी जाणार? होळीची पोळी आधी कोण टाकणार? विडा आधी कोणाला? जुन्या मराठी कागदपत्रांत अशा तंट्यांचे निवाडे ढिगानं सापडतात. गोतसभा बसे, साक्षी होत, महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जाई आणि खाली पाटील सहीच्या जागी नांगराची निशाणी काढी.

तुमच्या साम्राज्यात असा एक सण ठरवा आणि त्यातला क्रम लिहून ठेवा. मग एका वर्षी तो क्रम मोडा. तलवार उपसायला याहून मोठं कारण लागत नाही.

कुळाची कुंपणंही इथेच दिसतात. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांतच खायचे असतात, बाहेरच्याला द्यायचे नसतात. कोण कोणाच्या रोटाला बसतं हे पाहिलं की घराण्याच्या सीमा कळतात, वंशावळीचा तक्ता काढायची गरज उरत नाही. अशी एखादी खाण्याची गोष्ट तुमच्या सरदार घराण्यांना द्या.

सातवी पायरी: ‘प्रजा’ ही ओळ खोडा

हे मी सर्वांत कळकळीनं सांगतो आहे. उतरंडीच्या तळाशी एका शब्दात गुंडाळलेली माणसं तुमच्या जगातली सर्वांत जास्त माणसं आहेत. त्यांच्यात किमान चार-पाच थर पाडा: स्वतःची जमीन कसणारा, दुसऱ्याची वाट्यानं करणारा, बलुत्यावर जगणारा, सालानं बांधलेला, आणि ज्याचा कोणत्याच राशीत वाटा नाही तो.

सालदाराचं उदाहरण घ्या. खानदेशात सालदारकीचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फिरतं. त्या दिवशी जुना करार संपतो, नवा ठरतो. म्हणजे ज्या सणाला सासुरवाशिणी माहेरी येऊन झोक्यावर गाणी म्हणतात, त्याच सणाला एखाद्या घरात उद्यापासून कोणाच्या शेतावर जायचं याची चिंता असते. एकाच दिवसाचे हे दोन रंग ज्याला दिसले, त्याला समाज लिहिता येतो.

आणि वतन म्हटलं की ते नेहमी सुखाचंच असतं असं समजू नका. महार वतन हेही वतनच होतं. थोडीशी जमीन, थोडं बलुतं आणि त्याच्या बदल्यात गावानं आणि सरकारनं सांगितलेलं कोणतंही काम, दिवसरात्र, पिढ्यान्‌पिढ्या. वंशपरंपरागत हक्काच्या नावानं ती बेडीच होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात या पद्धतीविरुद्ध विधेयक मांडलं. गावकीची ही कनिष्ठ वतनं कायद्यानं रद्द झाली ती १९५८ च्या कायद्यानं. तीस वर्षं.

म्हणून कल्पित साम्राज्यात जातीसारखी उतरंड आणत असाल तर ती सजावट म्हणून आणू नका. ‘या लोकांना जन्मतः काळी जादू येते म्हणून ते वेशीबाहेर राहतात’ असं लिहिलंत, तर वेशीबाहेर ठेवणाऱ्यांची बाजू तुम्ही निसर्गनियम म्हणून मांडलीत. त्यांना बाहेर कोणी ठेवलं, त्यात कोणाचा किती फायदा झाला आणि बाहेर राहणारे स्वतः त्याबद्दल काय म्हणतात, हे कथेत आलंच पाहिजे. आपले वाचक हे जग कल्पनेतून ओळखत नाहीत. अनेकांच्या आज्यांनी ते भोगलं आहे.

शेवटची पायरी: एक पोतं चालवून पाहा

सगळं रचून झालं की परीक्षा घ्या. पहिल्या पायरीतल्या गावातून ज्वारीचं एक पोतं निघालं आहे. ते राजधानीच्या कोठारापर्यंत न्या. ते कोण मोजतं? मापात हात कोण मारतं? गाडी कोणाची, बैल कोणाचे? कोणत्या घाटात जकात पडते आणि ती कोणाच्या पदरात? उतारावर नाव कोण हाकतो? कोठाराच्या दारात पावती कोण लिहितो आणि कोणत्या लिपीत? या वाटेवर तुम्ही जिथे अडखळाल तिथे तुमच्या साम्राज्यात एक माणूस कमी आहे. तो निर्माण करा, त्याला नाव द्या, त्याला घर द्या.

यासाठी वाचायला जुने कागद मिळाले तर उत्तम. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावानं संशोधन मंदिर आहे. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले. तिथलं वातावरण एकदा अनुभवाच. थाळनेरला तापीकाठी फारुकींच्या कबरी आहेत, पारोळ्याला भुईकोट किल्ला आहे, दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. सारंगखेड्याला जाल तेव्हा घोड्यांच्या किमती विचारा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिवसाचा खुराक किती लागतो ते विचारा. घोडेवाले मन लावून सांगतात.

गेल्या आखाजीला मावसबहीण पुन्हा आली, तेव्हा मी तिला नवी वही दिली. तिनं झेंडे पाहिले नाहीत. सरळ खळ्याचं पान काढलं, बोट ठेवून एकेक वाटा मोजला, बेरीज शंभर येते का ते पाहिलं. मग वही मिटून म्हणाली, “दादा, औंदा पानी नही पडनं ते पहिले कोना वाटा तुटी?”

सध्या तेच प्रकरण लिहितो आहे.